रत्नदीपचा आडोसा

१

रविवारी पहाटे पाचला उठायचं. आसावरीची झोप न मोडता चाकांत हवा भरायची. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर, खिशात चार खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. साडेपाचला सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमध्ये घालायची, कारण आमच्या डोंबिवलीच्या लिफ्टमध्ये ती आडवी मावत नाही. नोव्हेंबरपासून हा माझा नेम. आसावरी याला म्हातारचळ म्हणते. सत्तेचाळीस हे काही म्हातारपण नाही, पण मी वाद घालत नाही. चळ हा शब्द तिने बरोबर निवडलाय.

लांब पल्ल्याची सायकल सुरू केली की फुकटचे सल्ले देणारे गल्लोगल्ली भेटतात. मला मात्र सगळं रत्नदीपने शिकवलं. आमच्या कंपनीत तो बॉयलरवर, मी लॅबमध्ये. आधी पन्नास कर, मग ऐंशी, मग शंभर. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पी. आणि समोरून वारा असेल तर पुढच्याच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटून राहा. पुढचा वारा फोडतो, मागच्याला आडोसा मिळतो आणि त्याचे कष्ट चांगले तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. पुढचा दमला की उजवं कोपर बाहेर झटकतो. मग मागच्याने मुकाट्याने पुढे यायचं आणि वारा आपल्या छातीवर घ्यायचा.

ही खूण त्याने मला शहाडजवळच्या मोहने गावात, त्याच्या घरी शिकवली. दोन प्लास्टिकची स्टुलं एकामागे एक ठेवली. तो पुढच्यावर, मी मागच्यावर, दोघंही हवेत पाय मारतोय, आणि त्याची बायको दीप्ती चहाचा ट्रे धरून दारात हसून हसून बेजार.

"अरे परब, कोपर झटकलं की पुढे यायचं," तो म्हणालेला. "आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं नाही."

दीप्तीनेही गंमत म्हणून कोपर झटकून बघितलं आणि अर्धा चहा ट्रेमध्ये सांडला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी मी एकटाच मुरबाड रस्त्याला होतो. थंडीत सकाळी तिकडे पूर्वेकडून बोचरा वारा असतो, थेट तोंडावर. रायत्याचा पूल ओलांडला आणि वारा थांबला. मला बरं वाटलं. वेग एकवीसवरून सत्तावीसवर गेला, दमही लागेना. मग माझं लक्ष रस्त्याच्या कडेला गेलं. वाळलेलं गवत माझ्याकडे वाकलेलं होतं. एका ढाब्यावरचा झेंडा ताठ फडफडत होता, तोही माझ्याच दिशेने.

मी सायकल हातभर उजवीकडे घेतली. वारा सपकन तोंडावर आला. पुन्हा डावीकडे घेतली. थांबला.

वारा नसलेली ती जागा एका माणसाच्या खांद्यांएवढी रुंद होती.

२

मी लॅबमधला माणूस आहे. एकदा आलेल्या रीडिंगवर मी विश्वास ठेवत नाही. झाडांची रांग असेल, टेकडीचा उतार असेल, कानात कापूस घातलेला म्हणून तसं वाटलं असेल. पुढच्या रविवारी कापूस न घालता गेलो. पुलानंतर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी रस्ता बदलून बदलापूरकडे गेलो. तिथेही, वारा समोरून यायला लागल्याबरोबर, कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला.

आणि एक आवाज. पाय मारायचे थांबवले की मागच्या चाकाची किर्रर्र सुरू होते, प्रत्येक सायकलची वेगळी. माझी जाडीभरडी आहे. मी पाय थांबवले की माझी किर्रर्र सुरू व्हायची आणि किंचित उशिराने आणखी एक, बारीक, माझ्या पुढे साताठ फुटांवर. रत्नदीप त्याच्या चाकाला शिलाई मशीनचं तेल घालायचा. कंपनीच्या सायकल स्टँडवर शंभर चाकांत मी ती किर्रर्र ओळखली असती.

आता गेल्या मार्चचं सांगायला हवं. सगळ्यांना सांगितलं ते आधी सांगतो.

दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी. सकाळी सहाला ठाण्याच्या कोपरीतून निघायचं, माळशेजच्या पायथ्याला कार्डावर शिक्का घ्यायचा आणि साडेसातच्या आत परत कोपरीत. साडेतेरा तास, बाहेरची मदत नाही, ज्याचं त्याने बघायचं. माझी पहिलीच. रत्नदीपने असल्या अकरा केलेल्या. माझ्यासाठी म्हणून तो माझ्या वेगाने आला. परतीच्या वाटेवर उन्हाने त्याला त्रास व्हायला लागला, तेव्हा तोच म्हणाला, "परब, तू पुढे हो, मी येतो हळूहळू." मी गेलो. दोन तासांनी तो टोकावड्याच्या पुढे एका एसटी थांब्याच्या पत्र्याखाली एका टेम्पोवाल्याला सापडला. उष्माघात. जीव वाचला, पण डोळे उघडे ठेवून पडून असतो. बोलणं नाही, ओळख नाही, नाकात नळी.

दीप्तीला हे सांगताना मी रडलो होतो. उलट तिनेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तुमची काळजी होती त्यांना, म्हणून पुढे पाठवलं," म्हणाली.

तो असं काही म्हणाला नव्हता.

पायथ्यापासून पंचवीस किलोमीटर तो एकटा पुढे होता. बेचाळीस डिग्री ऊन, समोरून खाडीकडचा वारा. मी त्याच्या आडोशाला. त्याने कोपर झटकलं. मी मान खाली घालून वेगाच्या आकड्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने पुन्हा झटकलं. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी हात परत हँडलवर ठेवताना त्याला चाचपडावं लागलं. ते मी पाहिलं. नंतर तो हळू झाला, आणि मी, त्याच्या जिवावर ताजातवाना असलेला, बाजूने निघून गेलो. वळून पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

कोपरीत पोचलो सात एकेचाळीसला. अकरा मिनिटं उशीर, कार्ड बाद. तेलही गेलं, तूपही गेलं. यंदा ते अकरा मिनिटांचं धुपाटणं हातातून टाकायचं, एवढ्यासाठी मी पुन्हा सायकलवर बसलो होतो. मला ते दोनशे हवे होते. याची लाज वाटते आणि तरीही हवे होते.

३

जानेवारीत एका रविवारी मी मोहन्याला गेलो. मुरबाडहून परतताना शहाडला वळलं की दहा मिनिटं. दहा महिने मी ती दहा मिनिटं टाळली होती.

बेल वाजवली. दीप्तीने दार उघडलं. तिच्या गळ्याला घाम होता.

"दादा, तुम्ही? जरा आधी यायला पाहिजे होतंत हो. आत्ता थांबले, तुम्ही बेल वाजवलीत तेव्हाच."

"काय थांबलं?"

"यांचे पाय."

खोली तीच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टीव्ही, आणि जिथे आम्ही स्टुलं मांडलेली तिथे लोखंडी पलंग. पलंगाच्या वर हुकाला रत्नदीपची सायकल टांगलेली, जुनी चादर पांघरून. खाली तो. डोळे छताच्या पंख्याकडे. कपाळावर घामाचे थेंब, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पायाकडची चादर चुरगळून गोळा झालेली, आणि खालच्या रेक्झिनवर टाचा घासून दोन पांढुरके चट्टे पडलेले.

"नोव्हेंबरपासून चालू झालंय," दीप्ती म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता. "सायकल चालवतात दादा, झोपल्या झोपल्या! डावा गुडघा बाहेर काढून, तुम्हाला माहितेय ना त्यांची सवय. फिजिओच्या बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे. तीन-चार तास चालतात. मी कॅलेंडरवर टिंब काढते त्या दिवशी."

कॅलेंडर दाराच्या मागे होतं. पानं उलटून पाहिली. सगळे रविवार. नाताळची सुट्टी. डिसेंबरातला एक रविवार कोरा होता. त्या दिवशी मी मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलेलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते कॅलेंडर माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उजळलं.

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. व्यायाम होत असलेले पाय भरतात. हे आटत चालले होते. पोटरी माझ्या मनगटाएवढी उरली होती.

"बारीक झालाय," मी म्हणालो.

"पडून पडून होणारच ना, दादा. पण ताकद बघा कशी आहे!"

चहा संपवून बाहेर आलो. अरुंद गल्लीत सायकल वळवायला मागचं चाक उचललं, तेव्हा माझ्या पायाचा धक्का लागून पायडल एक फेरा फिरलं.

आतून आवाज आला. खर्र.

दार अर्धं उघडं होतं. मी उभा राहिलो. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग मी हाताने पायडल पुन्हा एकदा फिरवलं, एकच फेरा.

खर्र.

"दादा, या या, परत चालू झाले!" दीप्ती आतून ओरडली.

मी सायकल खांद्यावर उचलली आणि शहाड स्टेशनपर्यंत तशीच चालत नेली.

४

तीन आठवडे मी सायकलला हात लावला नाही. आसावरी म्हणाली, "उतरलं वाटतं भूत?" मी तिच्यावर खेकसलो, मग दिवसभर तोंड पाडून बसलो.

स्वतःला समजावत होतो. बेशुद्ध माणसाचे पाय हलतात, डॉक्टरही सांगतील. कॅलेंडर हा योगायोग. पायडल आणि टाच हाही योगायोग, एकदा नाही, दोनदा. लॅबमध्ये कुणी मला असं लेखी दिलं असतं तर मी तो कागद त्याच्या तोंडावर फेकला असता.

चौथ्या सोमवारी दुपारी कंपनीत फोन आला.

"दादा, मला वेडी म्हणा हवं तर," दीप्ती म्हणाली, "पण तुम्ही सायकल बंद केलीत का? तुमचं स्टेटस बघते ना मी. तुम्ही फोटो टाकता त्या दिवशीच यांचे पाय चालतात. तीन रविवार तुमचा फोटो नाही, आणि पाय गार पडलेत."

मी फोन घेऊन लॅबच्या बाहेर आलो.

"तुमच्यात आणि त्यांच्यात काहीतरी आहे, दादा. ते तुमच्याबरोबर येतात. तुम्ही जा ना. माझ्यासाठी जा. मला दुसरं काय आहे बघायला?"

"दीप्ती, असं काही नसतं."

"बरं नसतं. तरी जा." मग म्हणाली, "एक मात्र झालंय. पाय थांबल्यापासून चेहरा जरा भरलाय. आणि ओठ हलतात. काल तर मी कान लावला. काहीतरी सांगायचंय त्यांना, पण दम पुरत नाही. अजून महिनाभराने कदाचित बोलतील, नाही?"

मी ब्रेव्हेला नाव त्याच संध्याकाळी नोंदवलं. आसावरीला सांगितलं, दीप्तीने फार विनवणी केली म्हणून. तिने माझी सायकलची जर्सी इस्त्री करून ठेवली.

खाई त्याला खवखवे. खरं कारण मला ठाऊक होतं आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे बोलण्याइतका दम साठू नये, असं मला वाटत होतं. मी माझ्या मित्राला घाबरत होतो. त्याच्या मरणाला नाही, त्याच्या बरं होण्याला.

त्या रविवारी मी शंभर किलोमीटर गेलो आणि स्टेटसवर फोटो टाकला. दीप्तीने खाली हात जोडलेले पाठवले.

५

मार्चचा शेवटचा रविवार. कोपरीत सहाला पस्तीस जण निघालो. पायल नावाची एक तरतरीत मुलगी कार्डं वाटत होती. "काका, मागच्या वर्षी थोडक्यात हुकलं ना? या वेळी नक्की," म्हणाली.

शहाडला मोहन्याचा फाटा आला तेव्हा मी मान वळवली नाही. जाताना वारा पडलेला होता. बारा वाजून दहा मिनिटांनी पायथ्याच्या हॉटेलात शिक्का घेतला, दही-भात खाल्ला, डोक्यावर पाणी ओतलं. वेळ हाताशी होता. शिवाय, मनात म्हटलं, परतीला आडोसा आहेच. हे मी खरंच असं मनात म्हटलं.

पण वारा सुटला आणि आडोसा आला नाही.

तासभर मी एकटा झुंजलो. वेग पंधरा, मग तेरा. घाट उतरून आलेली तापलेली हवा आणि समोरून खाडीचा वारा, दोन्ही मिळून भाजत होते. एका रसवंतीवर बसलो, तिथेच पाऊण तास गेला, मांड्यांत गोळे आले. साडेतीनला हिशेब केला तेव्हा कळलं की या वेगाने नऊच्या आधी पोचत नाही. तेव्हा मी ते केलं ज्यासाठी मला शब्द नाही. वाकलो, आणि हळू आवाजात म्हणालो, "रत्नदीप, ये ना रे."

बारीक किर्रर्र ऐकू आली. मग वारा बंद झाला.

वेग सव्वीस. ऊन समोर, किंचित डाव्या हाताला आलं होतं. माझी सावली माझ्या मागे पडत असणार. तरीही माझ्या पुढच्या चाकाखाली रस्त्यावर एक सावली होती. ती पुढून माझ्याकडे आलेली होती, आणि पुढे रस्ता मोकळा होता. दूर एक दुधाचा टेम्पो, त्यापलीकडे मृगजळ. सावलीत सायकल होती, वाकलेली पाठ होती, डावा गुडघा बाहेर पडत होता. डोकं नेमकं माझ्या चाकाखाली येत होतं. माझं चाक त्या डोक्यावरून सतत फिरत होतं आणि मला अंतर वाढवायचा धीर होत नव्हता, कारण अंतर वाढलं तर वारा लागला असता.

टोकावडं मागे पडलं. एसटीचा थांबा दिसायला लागला, तो पत्रा, ती खाली बसायची सिमेंटची फळी. सावलीचं कोपर झटकन बाहेर गेलं.

मी आकड्याकडे बघत राहिलो. सव्वीस पूर्णांक चार.

थांबा जवळ आला. कोपर पुन्हा बाहेर गेलं. या वेळी सावकाश, हात जड असल्यासारखं.

पुढे जायला काय लागलं असतं? हातभर उजवीकडे, दहा जोरकस फेरे. माझ्यात तेवढी ताकद होती, त्यानेच दिलेली. "जातो," असं मी तोंडाने बोललोसुद्धा. तिसऱ्यांदा कोपर गेलं तेव्हा आम्ही अगदी थांब्यासमोर होतो, आणि सावलीचा हात परत हँडल शोधत होता, चाचपडत होता, सापडत नव्हतं. मला रडू आलं. रडत रडत मी त्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली.

सव्वीस पूर्णांक एक.

सावली हळू झाली नाही. या वेळी मला बाजूने काढून जायलाही मिळालं नाही. मुरबाड, रायते, शहाड, कल्याण, सगळीकडे ती माझ्या चाकाखाली, दरवेळी थोडी लांब आणि थोडी बारीक.

६

कोपरीत पोचलो सात वाजून नऊ मिनिटांनी. एकवीस मिनिटं हातात. पायलने कार्डावर वेळ लिहिली, सही केली, टाळ्या वाजवल्या. "मानलं काका! एवढ्या वाऱ्यात शेवटचे ऐंशी असे मारले? कोणाबरोबर आलात?"

"एकटाच," मी म्हणालो.

सायकल स्टँडला लावली, बूट काढले, फुटपाथवर बसलो. फोन उघडला तर दीप्तीचे चौदा कॉल. पहिला तीन पंचावन्नचा. वाटलं, गेला. आणि मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, सुटका होती.

फोन लावला.

"पोचलात का, दादा?" तिचा आवाज शांत होता, नको इतका.

"आत्ताच. रत्नदीप कसा आहे?"

"पाय चालूच आहेत सकाळपासून. पण दुपारी एक वेगळंच झालं. पावणेचारच्या सुमाराला उजवा हात उठला. कोपर असं बाहेर मारलं, पलंगाच्या दांडीवर आपटलं. मी हात धरला तर मला हिसडा दिला. मग परत. मग परत. तीन वेळा, दादा. मग हात नुसता चाचपडत राहिला चादरीवर."

समोरच्या रस्त्यावरून रिक्षा गेली.

"मला माहितेय कोपर झटकलं की काय म्हणायचं असतं," ती म्हणाली. "माझ्यासमोरच तर शिकवलेलं तुम्हाला. चहा सांडलेला माझ्या हातून." मग तिने विचारलं, "मागच्या वर्षी पण झटकलेलं का हो त्यांनी?"

"दीप्ती—"

"राहू दे. ते नका सांगू. आजचं सांगा. आज तुम्ही पुढे झालात ना?"

"हो," मी म्हणालो. "झालो ना. लगेच झालो."

"बरं."

तिने फोन कुठेतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं, पलंगाजवळ असावा. रेक्झिनवर टाच घासली जात होती. खर्र, खर्र, खर्र. ठेका माझ्या ओळखीचा होता, शेवटच्या ऐंशी किलोमीटरचा.

मग तिचा आवाज परत आला.

"तुम्ही पोचलात. सायकलवरनं उतरलात. मग यांचे पाय का थांबत नाहीयेत, दादा?"

कोपरीच्या बाजूने खाडीचा वारा जोरात सुटला होता. पायलच्या टेबलावरची कार्डं उडाली आणि ती ती पकडायला धावली. 'समाप्ती' लिहिलेलं कापड फाटेल इतकं फडफडत होतं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे केस कपाळावर येत होते. मी फुटपाथवर वाऱ्याकडे तोंड करून बसलो होतो. माझ्या चेहऱ्याला वारा लागत नव्हता.